ऑर्बिट अनेक, कोशंटमध्ये बिंदू एकच: दरवर्षी येणारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय

"मॅडम, पुन्हा तेच झालं. ऑर्बिट इतक्या सगळ्या आहेत आणि कोशंट काढला तर एकच बिंदू येतोय. कुठे चुकलं तेच सापडत नाही."

सिन्नरहून एसटीने येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीने वही पुढे सरकवली तेव्हा बाहेर गंगापूर रोडवर पावसाची झड लागली होती. आम्ही सात-आठ जण शनिवारी दुपारी एका अभ्यासिकेत बसून अल्जिब्राइक जॉमेट्री वाचतो. कुणी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी नेट-सेटची तयारी करतंय, एक जण सातपूरच्या कारखान्यातली पाळी संपवून येतो. ग्रुप ॲक्शनचं, म्हणजे ग्रुपने जागेतले बिंदू हलवण्याचं, प्रकरण सुरू झालं की दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी हा प्रश्न ठरलेला. एका बिंदूला ग्रुप जिथे जिथे नेतो ते सगळे बिंदू मिळून त्याची ऑर्बिट, आणि कोशंट म्हणजे ऑर्बिटना एकेका बिंदूत गुंडाळू पाहणारी नवी जागा. मी एमएस्सीला होते तेव्हा याच जागी आठवडाभर अडकले होते आणि दर वेळी स्वतःच्या आकडेमोडीतच चूक शोधत बसले होते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. पुढे कुणी अडलं तर त्याने इथून सुरुवात करावी.

आधी वहीतलं गणित बघू

सगळीकडे कॉम्प्लेक्स संख्या धरा. ग्रुप म्हणजे शून्य सोडून उरलेल्या संख्यांचा, गुणाकाराचा. तो प्रतलावर असा चालतो: (क्ष, य) चा होतो (त·क्ष, त·य). ऑर्बिट कोणत्या? आरंभबिंदू ही एकट्याचीच ऑर्बिट. बाकी प्रत्येक ऑर्बिट म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी एक रेषा, तिच्यातून आरंभबिंदू काढून टाकलेला. म्हणजे ऑर्बिट अनंत.

आता इनव्हेरियंट बहुपदी शोधा, म्हणजे ग्रुपने बिंदू हलवला तरी जिची किंमत बदलत नाही अशी. बहुपदीचा जो भाग पहिल्या घाताचा आहे तो त-ने गुणला जातो, दुसऱ्या घाताचा त·त-ने, असंच पुढे. किंमत बदलायची नसेल तर घात शून्यच हवा. उरले फक्त स्थिरांक. इनव्हेरियंट बहुपद्यांच्या रिंगमधून (बेरीज-गुणाकार करता येणाऱ्या संचातून) जी व्हरायटी, म्हणजे बहुपदी समीकरणांनी बनलेली जागा, मिळते ती कोशंट; इथे रिंगमध्ये नुसते स्थिरांक, म्हणून ती एक बिंदू.

तिने हे पानभर, घातागणिक तपासून लिहिलं होतं. एकही ओळ चुकलेली नव्हती. चुकीची होती ती अपेक्षा: कोशंटमधला एक बिंदू म्हणजे एक ऑर्बिट.

असं का होतं

त-ला शून्याकडे नेऊन बघा. कोणत्याही रेषेवरचा बिंदू सरकत सरकत आरंभबिंदूच्या हवा तितका जवळ जातो. बहुपदी ही सलग बदलणारी गोष्ट आहे. ती पूर्ण ऑर्बिटवर एकच किंमत देत असेल, तर ऑर्बिट जिथे जाऊन टेकते तिथेही तीच किंमत द्यावी लागते. सगळ्या रेषा आरंभबिंदूला टेकतात, म्हणून सगळ्यांची किंमत एक.

हे समजवायला मी दुतोंड्या मारुतीचा आधार घेते. गोदेला पूर आला की नाशिककर आधी विचारतात, पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला? ते पाणी गंगापूर धरणाच्या विसर्गाचं आहे की शहरात कोसळलेल्या पावसाचं, हे मूर्तीवरून कळत नाही. दोन वेगळे पूर एकाच खुणेवर येऊ शकतात. शिवाय पाणी कमरेवरून एकदम डोक्यावर उडी मारत नाही, मधल्या सगळ्या खुणा ओलांडत चढतं. इनव्हेरियंट बहुपदी ही तशीच खूण आहे. ती जी माहिती देते ती खरीच असते. पण दोन ऑर्बिट एकाच बिंदूला जाऊन टेकत असतील, तर या खुणेवर त्या वेगळ्या दिसणार नाहीत.

म्हणून सगळ्यांना सांगते, इनव्हेरियंट शोधायच्या आधी ऑर्बिटचं क्लोजर बघा. क्लोजर म्हणजे ऑर्बिट आणि ती जिथे जिथे जाऊन टेकते ते बिंदू; त्यात नवं काही येत नसेल तर ऑर्बिट बंद. या विषयातल्या निम्म्याहून जास्त अडचणी एवढ्या एका सवयीने सुटतात.

दुसरं उदाहरण, ज्याच्यात खरा धडा आहे

पहिल्या उदाहरणात सगळंच एका बिंदूत कोसळतं, त्यामुळे नेमकं काय झालं ते दिसत नाही. तोच ग्रुप घ्या, पण ॲक्शन बदला: (क्ष, य) चा होतो (त·क्ष, य/त). आता क्ष·य हा गुणाकार बदलत नाही आणि सगळ्या इनव्हेरियंट बहुपद्या त्याच्याच बनतात. कोशंट म्हणजे एक रेषा आणि प्रत्येक बिंदूचा तिच्यावरचा पत्ता म्हणजे क्ष·य.

हे कागदावर काढा. क्ष·य = ३ हा हायपरबोला एक ऑर्बिट आहे, बंद आहे, व्यवस्थित आहे. क्ष·य = ५ तसाच. शून्य नसलेल्या प्रत्येक किमतीला बरोब्बर एक ऑर्बिट. पण क्ष·य = ० वर तीन ऑर्बिट सापडतात: आरंभबिंदू सोडून क्ष-अक्ष, आरंभबिंदू सोडून य-अक्ष आणि आरंभबिंदू. तिन्हींचा पत्ता शून्य. यातली बंद फक्त एक, आरंभबिंदू. दोन्ही अक्ष आपापल्या क्लोजरमध्ये तिलाच जाऊन मिळतात.

हे चित्र प्रत्येकाने स्वतःच्या हाताने काढावं असा माझा आग्रह असतो, आणि अक्ष लाल पेनाने. कारण सर्वसाधारण प्रमेय इथेच डोळ्यांनी दिसतं: ग्रुप रिडक्टिव्ह असेल (कोणते ते पुढे सांगते) आणि व्हरायटी अफाइन असेल, म्हणजे साध्या निर्देशकांच्या अवकाशात बहुपदी समीकरणांनी कोरलेली असेल, तर कोशंटमधल्या प्रत्येक बिंदूवर एक आणि एकच बंद ऑर्बिट असते. बाकीच्या ऑर्बिट तिच्याभोवती जमलेल्या असतात आणि त्या सगळ्यांच्या क्लोजरमध्ये ती असते. म्हणजे कोशंट ऑर्बिट मोजत नाही, बंद ऑर्बिट मोजतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगते.

रिडक्टिव्ह म्हणजे कोणते ग्रुप, हा प्रश्न लगेच येतो. कॉम्प्लेक्स संख्यांवर काम करताना गुणाकाराचा ग्रुप, त्याच्या अनेक प्रती, सगळ्या इनव्हर्टिबल मॅट्रिक्सचा जीएल, निश्चयक एक असलेल्यांचा एसएल, आणि सगळे सांत ग्रुप हे त्यात बसतात. बेरजेचा ग्रुप, म्हणजे सगळ्या संख्यांचा आणि बेरीज ही क्रिया असलेला, बसत नाही. त्याच्याकडे नंतर येते.

मॅट्रिक्सवर हीच गोष्ट

आमच्या गटात बहुतेकांना खरा झटका इथे बसतो, कारण जॉर्डन फॉर्म सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असतो. दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स घ्या आणि जीएल-ला काँज्युगेशनने चालू द्या, म्हणजे डावीकडून ग-ने आणि उजवीकडून ग-च्या व्यस्ताने गुणा. ऑर्बिट म्हणजे सिमिलर मॅट्रिक्सचा वर्ग. लिनिअर अल्जिब्रा सांगतो की ऑर्बिट ओळखायची तर जॉर्डन फॉर्म बघा. इनव्हेरियंट कोणते? ट्रेस (कर्णावरची बेरीज) आणि निश्चयक, म्हणजेच कॅरॅक्टरिस्टिक बहुपदीचे सहगुणक. दुसरं काहीही मिळत नाही. मग कर्णावर दोन्हीकडे ७ आणि वरच्या कोपऱ्यात १ असलेला जॉर्डन ब्लॉक, आणि नुसती ७ची स्केलर मॅट्रिक्स, यांचा ट्रेस १४, निश्चयक ४९, दोन्हींचे सारखेच. पण या सिमिलर नाहीत. मग कोशंटने दोघींना एका बिंदूत का टाकलं?

फळ्यावर करून बघू. कर्णावर त आणि १ असलेली मॅट्रिक्स घ्या आणि तिने जॉर्डन ब्लॉकचं काँज्युगेशन करा. कर्णावरचे ७ जागचे हलत नाहीत. कोपऱ्यातला १ मात्र त होतो. त शून्य नाही, म्हणून आपण अजून त्याच ऑर्बिटमध्ये आहोत. त ०.१ घ्या, कोपऱ्यात ०.१. त ०.००१ घ्या, कोपऱ्यात ०.००१. त शून्याकडे गेला की कोपरा रिकामा होतो आणि समोर स्केलर मॅट्रिक्स उभी राहते. तीच या बिंदूवरची बंद ऑर्बिट, एका मॅट्रिक्सची. जॉर्डन ब्लॉकची ऑर्बिट तिला टेकलेली आहे.

दुसऱ्या शब्दांत, या ॲक्शनमध्ये बंद ऑर्बिट म्हणजे डायगोनलाइझ होणाऱ्या मॅट्रिक्सच्या. कोशंट आयगेन किमती सांगतो, पण कोपऱ्यातला १ विसरतो. हे समजलं की ट्रेस आणि निश्चयक पुरेसे का वाटत नाहीत आणि तरीही ते पूर्ण उत्तर का आहे, दोन्ही एकदम कळतं. माझ्या मते एमएस्सीच्या अभ्यासक्रमात जॉर्डन फॉर्म शिकवताना हा त-चा खेळ दहा मिनिटं दाखवायलाच हवा. त्याने पुढचे कित्येक शनिवार वाचतात.

बंद ऑर्बिट चटकन ओळखायची कशी

ऑर्बिट आपल्या क्लोजरमध्ये उघडा संच असते आणि क्लोजरमध्ये जास्तीच्या ज्या ऑर्बिट येतात त्यांची मिती नेहमी कमी असते. ऑर्बिटची मिती म्हणजे ग्रुपच्या मितीतून स्टॅबिलायझरची, म्हणजे बिंदूला जागचं न हलवणाऱ्या घटकांची, मिती वजा. म्हणून सगळ्या बिंदूंचे स्टॅबिलायझर एकाच मितीचे असतील तर सगळ्या ऑर्बिट बंद, विषय संपला. कुठे स्टॅबिलायझर अचानक मोठा झाला तर तिथे थांबून बघायचं. मोठा झाला म्हणजे शेजारची ऑर्बिट उघडीच असेल असं मात्र नाही. वेगवेगळ्या आयगेन किमती असलेल्या मॅट्रिक्स आणि स्केलर मॅट्रिक्स, दोन्हींच्या ऑर्बिट बंद आहेत, आणि मिती २ आणि ०.

दुसरी परीक्षा मात्सुशिमा यांची, १९६०ची: रिडक्टिव्ह ग्रुप अफाइन व्हरायटीवर चालत असेल आणि ऑर्बिट बंद असेल, तर स्टॅबिलायझरसुद्धा रिडक्टिव्ह असतो. जॉर्डन ब्लॉकशी कम्यूट करणाऱ्या मॅट्रिक्स काढा. त्यांचा ग्रुप म्हणजे गुणाकाराचा आणि बेरजेचा ग्रुप शेजारी-शेजारी; तो रिडक्टिव्ह नाही, म्हणून ऑर्बिट बंद नाही. एका ओळीत उत्तर. उलट दिशेने मात्र ही परीक्षा वापरू नका. हायपरबोलाच्या उदाहरणात अक्षावरच्या बिंदूचा स्टॅबिलायझर फक्त एकक, तो रिडक्टिव्ह आहे, तरी अक्षाची ऑर्बिट बंद नाही. गेल्या वर्षी तिघांनी याच जागी उलटा निष्कर्ष काढला होता.

तिसरी परीक्षा सगळ्यांत कामाची, हिल्बर्ट आणि मम्फर्ड यांच्या नावाने ओळखली जाते. ऑर्बिट बंद नसेल तर तिच्या काठावर पोचायला एकाच त-वर चालणारी वाट नेहमी सापडते, म्हणजे गुणाकाराचा ग्रुप आपल्या ग्रुपमध्ये बसवून त शून्याकडे न्यायचा. सोयीचा बेसिस निवडला की ती वाट कर्णावर त-चे घात असलेल्या मॅट्रिक्सची असते. वर जॉर्डन ब्लॉकवर आपण हेच केलं. हजार दिशांनी लिमिट शोधत बसायची गरज उरत नाही.

आता उपाय

एक उपाय म्हणजे काहीच न करणं. कोशंट बंद ऑर्बिट मोजतो, तर तेवढीच माहिती हवी असेल तर काम झालं. अनेकदा खरंच तेवढीच हवी असते.

दुसरा उपाय, नको ते बिंदू आधी बाजूला काढणं. पहिल्या उदाहरणातून आरंभबिंदू काढा. आता उरलेल्या जागेत प्रत्येक रेषा बंद ऑर्बिट आहे आणि कोशंट म्हणजे प्रोजेक्टिव्ह रेषा, जिचा एकेक बिंदू म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी एकेक रेषा. आपण पहिल्यापासून ओळखत असलेली प्रोजेक्टिव्ह रेषा इथूनच जन्माला येते. सिन्नरच्या विद्यार्थिनीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, माझं उत्तर चुकलं नव्हतं, प्रश्न अपुरा होता." बरोबर पकडलं होतं तिने.

पण हाच उपाय हायपरबोलावर डोळे झाकून केला की नवीन आजार होतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. आरंभबिंदू काढला की दोन्ही अक्ष बंद ऑर्बिट होतात आणि दोन्हींचा पत्ता शून्यच राहतो. (१, ०.०१) हा बिंदू बघा. त्याच्याच ऑर्बिटमध्ये (०.०१, १) आहे, गुणाकार दोन्हीकडे ०.०१. आता ०.०१ऐवजी ०.०००१ घ्या, मग आणखी लहान. पहिला बिंदू (१, ०) कडे जातो, दुसरा (०, १) कडे. ऑर्बिटची एकच रांग, आणि तिला दोन वेगवेगळ्या मर्यादा. कोशंट म्हणून जी रेषा तयार होते तिच्यात शून्याच्या जागी दोन बिंदू बसतात आणि त्यांना एकमेकांपासून वेगळं करता येत नाही. याला नॉन-सेपरेटेड म्हणतात. अशा कोशंटवर पुढचं काही बांधायला गेलात तर पाया खचतो. इथे आरंभबिंदूबरोबर एक अख्खा अक्षही काढावा लागतो. क्ष शून्य नाही असे बिंदू ठेवा, कोशंट पुन्हा साधी रेषा.

मग कोणते बिंदू काढायचे हे ठरवायचं कसं? मम्फर्ड यांनी १९६५मध्ये याचं पद्धतशीर उत्तर मांडलं. फक्त इनव्हेरियंट न बघता, त-च्या ठरावीक घाताने गुणल्या जाणाऱ्या बहुपद्याही हिशेबात घ्यायच्या. ज्या बिंदूवर अशी एखादी बहुपदी शून्य होत नाही तो ठेवायचा, बाकीचे सोडायचे. कोणता घात निवडला यावर उत्तर बदलतं, आणि ती निवड आपली असते.

हे एका उदाहरणाने बघा. तीन चल, ॲक्शन (त·क्ष, त·य, झ/त). साधे इनव्हेरियंट क्ष·झ आणि य·झ, कोशंट प्रतल. आता त-च्या धन घाताने गुणल्या जाणाऱ्या बहुपद्या घेतल्या तर क्ष आणि य दोन्ही शून्य असलेले बिंदू सुटतात. उरलेल्यांचा कोशंट जवळजवळ प्रतलच, पण आरंभबिंदूच्या जागी एक पूर्ण प्रोजेक्टिव्ह रेषा आलेली. म्हणजे प्रतलाचा ब्लो-अप. ऋण घात घेतले तर झ शून्य असलेले बिंदू सुटतात आणि कोशंट पुन्हा सरळ प्रतल. तीच जागा, तोच ग्रुप, निवड वेगळी म्हणून उत्तर वेगळं. दोन मित्रांची उत्तरं जुळत नसतील तर भांडण्याआधी हे विचारा: तुम्ही कोणता घात निवडला? मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे दोघांनी यावर तासभर वाद घातला आणि दोघंही बरोबर होते.

ग्रुप रिडक्टिव्ह नसेल तर

इथे वरचं काहीच गृहीत धरू नका. बेरजेचा ग्रुप घ्या: (क्ष, य) चा होतो (क्ष, य + त·क्ष). इनव्हेरियंट फक्त क्ष. क्ष शून्य नसेल तर प्रत्येक उभी रेषा एक ऑर्बिट, ठीक. पण क्ष = ० वर प्रत्येक बिंदू जागच्या जागी स्थिर, म्हणजे प्रत्येक बिंदू एक बंद ऑर्बिट. अशा अनंत बंद ऑर्बिट, आणि त्या सगळ्यांचा कोशंटमधला पत्ता एकच. इथे क्लोजरलाही दोष देता येत नाही. ऑर्बिट बंद आहेत, तरी बहुपद्या त्यांना वेगळं करत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे इनव्हेरियंटची रिंग सांत जनकांनी बनेलच असं नाही. हिल्बर्ट यांनी १८९०मध्ये अभिजात इनव्हेरियंटसाठी सांतता सिद्ध केली, आणि १९००मध्ये पॅरिसला मांडलेल्या प्रश्नांतला चौदावा प्रश्न या सांततेबद्दलच होता. सगळ्या ग्रुपसाठी ती खरी नाही हे नागाता यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रतिउदाहरण देऊन दाखवलं. म्हणून प्रश्न हातात आला की ग्रुप रिडक्टिव्ह आहे ना, हे पहिल्या ओळीत लिहा. नसेल तर वेगळी हत्यारं लागतात आणि या लेखातली चालणार नाहीत.

सांत ग्रुप, आणि देवळालीचे कापरेकर

सांत ग्रुप असेल तर ही अडचण येतच नाही. ऑर्बिट म्हणजे मोजके बिंदू, ते बंदच असतात, आणि कोशंटमधला एक बिंदू म्हणजे खरोखर एक ऑर्बिट.

आपल्याला याचं घरचं उदाहरण आहे. देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ जगाला दिला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता सुरुवात ३५२४ऐवजी ४२५३ने केली तर? पहिल्याच पायरीला तेच ३०८७. अंकांच्या २४ मांडण्या, सगळ्यांचं उत्तर एक. चार जागांची अदलाबदल करणाऱ्या ग्रुपच्या ऑर्बिटवर ही क्रिया एकच किंमत देते, म्हणजे ती कोशंटवरूनच चालते. इनव्हेरियंट म्हणजे काय हे नवख्या मुलाला सांगायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

यात एक बारकावा आहे. कापरेकरांच्या रीतीत अंक उतरत्या क्रमाने लावले की प्रत्येक ऑर्बिटमधून एक ठरलेला प्रतिनिधी मिळतो. कॉम्प्लेक्स संख्यांत लहान-मोठं नसतं, त्यामुळे असा प्रतिनिधी बहुपद्यांनी निवडता येत नाही. तिथे चार संख्यांची बेरीज, दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज, तीन-तीनच्या गुणाकारांची बेरीज आणि चौघांचा गुणाकार, हे चार इनव्हेरियंट पुरतात. ऑर्बिट ओळखता येते, पण तिच्यातला एक बिंदू उचलून देता येत नाही. "कोशंटमधून परत येणारा फंक्शन लिहा" असं कुणी म्हणालं तर आधी तो आहे का ते विचारा.

सांत ग्रुपमध्ये वेगळी तक्रार येते ती टोकाची. (क्ष, य) चा (−क्ष, −य) करणारा दोन घटकांचा ग्रुप घ्या. इनव्हेरियंट क्ष·क्ष, क्ष·य आणि य·य. पहिल्या आणि तिसऱ्याचा गुणाकार म्हणजे मधल्याचा वर्ग, म्हणून कोशंट एक शंकू, आणि टोकाला सिंग्युलॅरिटी, म्हणजे गुळगुळीतपणा मोडतो ती जागा. गुळगुळीत जागेचा कोशंट गुळगुळीतच येईल ही अपेक्षा सोडा. टोक आलं ते आरंभबिंदूच्या जागी, जिथे स्टॅबिलायझर अख्खा ग्रुप आहे.

संख्या कॉम्प्लेक्स नसतील तर

परिमेय संख्यांवर काम करणाऱ्यांना एक जादा सावधगिरी. गुणाकाराच्या ग्रुपला स्वतःवर असं चालवा: क्ष चा होतो त·त·क्ष. कॉम्प्लेक्स संख्यांत ऑर्बिट एकच, कोशंट एक बिंदू. परिमेय संख्यांत मात्र २ आणि ३ एका ऑर्बिटमध्ये नाहीत, कारण त्यांचं गुणोत्तर कोणत्याही परिमेय संख्येचा वर्ग नाही. कोशंट तरीही बिंदूच. एलिप्टिक कर्व्हमध्ये हेच भेटतं: जे-इनव्हेरियंट (कॉम्प्लेक्स संख्यांवर असा कर्व्ह ओळखून देणारी संख्या) सारखा असूनही परिमेय संख्यांवर दोन कर्व्ह एकसारखे नसतात. त्यांना ट्विस्ट म्हणतात. इथेही गणित चुकलेलं नसतं, फील्ड, म्हणजे कोणत्या संख्या धरल्या ते, तपासायचं राहिलेलं असतं.

हे सगळं कुठे लागतं

हा प्रश्न सातपूरहून येणाऱ्याने विचारला आणि मला तो फार आवडला, कारण उत्तर आपल्या जवळचं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन आणि शेषाद्री यांनी १९६५मध्ये रीमान सरफेसवरचे स्टेबल व्हेक्टर बंडल आणि युनिटरी रिप्रेझेंटेशन यांचं नातं सिद्ध केलं. व्हेक्टर बंडल म्हणजे सरफेसच्या प्रत्येक बिंदूवर सलग बसवलेली एकेक व्हेक्टर स्पेस. असे सगळे बंडल एका जागेत मांडायचे तर ग्रुपने कोशंट घ्यावा लागतो आणि तिथे हीच अडचण उभी राहते: काही बंडल दुसऱ्यांना टेकतात. शेषाद्रींनी त्यावर जी समतुल्यता वापरली तिच्यात बंडलऐवजी त्याचे साधे तुकडे बघतात. तुकडे सारखे तर बिंदू एक. कोपऱ्यातला १ विसरून कर्णावरचे ७ लक्षात ठेवणारी आपली जॉर्डन मॅट्रिक्स आठवा. गोष्ट तीच आहे, जागा मोठी आहे.

पुढच्या शनिवारी सिन्नरची विद्यार्थिनी तीन बाय तीनच्या निलपोटंट मॅट्रिक्स (ज्यांचा कुठला तरी घात शून्य होतो अशा) करून आली. सगळ्यांची कॅरॅक्टरिस्टिक बहुपदी एकच, म्हणून कोशंटमध्ये सगळ्या एका बिंदूवर. ऑर्बिट तीन: मोठ्या ब्लॉकची मिती ६, मधलीची ४, शून्य मॅट्रिक्सची ०. प्रत्येकीच्या क्लोजरमध्ये खालच्या सगळ्या. तिने एकाखाली एक अशी शिडी काढली होती आणि सगळ्यांत खालच्या शून्याभोवती लाल वर्तुळ. चार बाय चारही तिनेच केलं: पाच ऑर्बिट, मिती १२, १०, ८, ६, ०, पुन्हा सरळ शिडी.

तिला सहा बाय सहा करायला सांगितलं आहे. तिथे ११ ऑर्बिट आहेत आणि त्यातल्या दोन, ब्लॉक ४, १, १ आणि ब्लॉक ३, ३, दोन्हींची मिती २४. त्या शिडीत कुठे लावायच्या ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी तिच्या आधी करून बघा.